पाहिलेले आणि ऐकलेले : इब्ने बतूता यांची मुसाफिरी



दिव्य कुरआन माणसाला पृथ्वीवर फिरण्यास आणि डोळे उघडे ठेवून पाहण्यास एकदा नव्हे, अनेकदा सांगतो. डोंगर, समुद्र, पशुपक्षी, ओसाड पडलेली नगरे ही सारी कुरआनच्या भाषेत आयात, म्हणजे निशाण्या आहेत. आपल्या विद्वानांनी खात्रीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. ऐकून-समजून येणारी खात्री ती इल्मुल यकीन आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहून येणारी ती ऐनुल यकीन. या दोन पायऱ्यांमधले अंतर ज्यांनी पायी, उंटावर आणि जहाजातून तोडले, त्या अबू अब्दुल्लाह मुहम्मद इब्ने बतूता यांचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्यांचे नाव आपल्या घरांतून परिचित आहे. परंतु जगप्रवासी एवढ्या एका शब्दावर आपण थांबतो. वस्तुतः ते पेशाने काजी होते, हे विसरून चालणार नाही. काजीसमोर साक्षीदार उभा राहिला की पहिला प्रश्न असतो तो असा की सांगत आहेस ते तू स्वतः पाहिलेस, की कोणाकडून ऐकलेस. प्रवासी हाही एक साक्षीदारच असतो. इब्ने बतूता यांची साक्ष या कसोटीवर कितपत उतरते, हे पाहत पाहत आपण त्यांच्याबरोबर चालू या.

हिजरी ७०३ मध्ये, रजब महिन्यात (फेब्रुवारी १३०४) मोरोक्कोच्या टँजिअर शहरात त्यांचा जन्म झाला. घराणे काजींचे, मस्लक मालिकी. १४ जून १३२५ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजच्या इराद्याने ते एकटेच घराबाहेर पडले. आईवडील दोघेही हयात होते आणि त्यांना सोडताना या तरुणाचे काळीज तुटत होते. वाटेत त्यांना सडकून ताप भरला, तेव्हा घोड्यावरून पडू नये म्हणून त्यांनी पागोट्याच्या कापडाने स्वतःला खोगिराला बांधून घेतले. मरण यायचेच असेल तर हिजाजकडे तोंड करून वाटेवरच यावे, असा त्यांचा निश्चय होता. ट्यूनिसला काफिला पोहोचला तेव्हा गावकरी आपापल्या ओळखीच्यांना सलाम करून गळाभेट घेऊ लागले. यांना ओळखणारे कोणीच नव्हते. इब्ने बतूता रडू लागले. ते पाहून एका हाजीने पुढे होऊन त्यांची विचारपूस केली. पुढे सुमारे तीस वर्षे जग पालथे घालणाऱ्या माणसाची सुरुवात अशी परक्या गावातल्या अश्रूंनी झाली आहे.

१३२६ च्या वसंतात ते अलेक्झांड्रियास आले. तेथील दीपस्तंभ प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांपैकी एक. इब्ने बतूता यांनी तो नुसता लांबून पाहिला नाही. चौकोनी इमारतीची एक बाजू १४० वीत भरते, दरवाजा जमिनीपासून उंचावर आहे, समोरच्या बांधकामावरून फळ्या टाकून त्यातून आत जावे लागते आणि फळ्या काढल्या की आत शिरण्याचा मार्ग राहत नाही, अशी बारीकसारीक नोंद त्यांनी ठेवली. त्या वेळी स्तंभाची एक बाजू ढासळलेली होती. तेवीस वर्षांनी, १३४९ मध्ये, मायदेशी परतताना ते पुन्हा तेथे गेले, तो आता आत जाणे सोडाच, दरवाजापर्यंत पोहोचणेही अशक्य झालेले. भूकंपांनी त्या वास्तूचा घास घेतला होता. एकाच माणसाने एकाच वास्तूचे मरण दोन टप्प्यांत पाहून लिहून ठेवावे, असे क्वचित घडते. आज त्या जागी सुलतान कायतबाय यांनी पंधराव्या शतकात बांधलेला किल्ला उभा आहे.

आता त्याच मिसर देशातले दुसरे आश्चर्य घ्या. पिरॅमिडविषयी इब्ने बतूता लिहितात की ते गोलाकार आहेत, खाली रुंद आणि वर शंकूसारखे निमुळते. पिरॅमिडचा पाया चौकोनी असतो हे आज शाळकरी मूलही सांगेल. म्हणजे एकतर त्यांनी ते फार दुरून पाहिले किंवा मुळीच पाहिले नाहीत. दीपस्तंभाची बाजू वितीने मोजणारा मनुष्य पिरॅमिडचे कोपरे विसरेल, हे मला पटत नाही. येथे साक्षीदाराने ऐकीव गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली असावी. पुढे त्यांचे लेखनिक इब्ने जुजय यांनी दमास्कस, मक्का आणि मदीना यांच्या वर्णनात आधीच्या शतकातील प्रवासी इब्ने जुबैर यांच्या ग्रंथातून बराच मजकूर उचलला, हेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. हे मी प्रारंभीच सांगून टाकतो. थोर माणसांच्या चरित्रातील उणिवा झाकण्याची आपल्याला सवय आहे. हदीसशास्त्राच्या इमामांनी मात्र रावी कितीही आदरणीय असो, त्याच्या स्मरणशक्तीतील दोषदेखील नोंदवून ठेवले.

हज झाला, पण पाय घराकडे वळले नाहीत. इराक, इराण, पुन्हा मक्का आणि तेथील वास्तव्य, मग तांबड्या समुद्रातून पूर्व आफ्रिका. झैला बंदरात मासळीची आणि गल्लीबोळांत कापलेल्या उंटांच्या रक्ताची एवढी दुर्गंधी सुटली होती की समुद्र खवळलेला असूनही त्यांनी रात्र जहाजावरच काढली. किल्वा शहराच्या देखणेपणाची मात्र त्यांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली. दक्षिण अरबस्तानातील जफारमध्ये गुरांना आणि घोड्यांना चारा म्हणून सुके मासे घालतात, हे पाहून ते चकित झाले.

अनातोलिया आणि काळा समुद्र ओलांडून ते उझबेक खानाच्या छावणीत गेले. खानाची एक पत्नी कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाची कन्या होती. ती माहेरी निघाली तेव्हा तिच्या लवाजम्यासोबत इब्ने बतूताही त्या नगरीत पोहोचले. वाचकहो, येथे जरा थांबा. त्या काळी जगातील अत्यंत भव्य वास्तूंमध्ये गणले जाणारे आया सोफिया हे चर्च त्यांच्यासमोर उभे होते. सम्राटाने वाटाड्या दिला होता, घोडा दिला होता. परंतु आत प्रवेश करणाऱ्याला दारातील क्रूसापुढे नमावे लागे. इब्ने बतूता नमले नाहीत आणि आत गेले नाहीत. इतके तर आपल्यापैकी बरेच जण करतील. मला महत्त्वाचे वाटते ते त्यापुढचे. आपण केवळ बाहेरचा भाग वर्णन करीत आहोत, आतला पाहिलेला नाही, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले. घरापासून हजारो मैल दूर, कोणी पडताळून पाहील याची सुतराम शक्यता नसताना, आतल्या नक्षीची दोन खोटी वाक्ये जोडणे किती सोपे होते!

उत्तरेकडील अंधाराच्या देशाविषयीही तसेच. तेथे कुत्रे जुंपलेल्या गाड्या बर्फावरून धावतात, व्यापारी आपला माल ठेवून मागे सरतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बदल्यात कोणी न दिसता कातडी ठेवून गेलेले असते, असे त्यांनी लिहिले. पण आपण तेथे गेलो नाही, कष्ट फार आणि लाभ थोडा म्हणून बेत सोडला, हेही लिहिले. त्याच प्रकरणात बुल्गार शहराला जाऊन आल्याचा दावा आहे. तो तारखांच्या हिशेबात बसत नाही आणि अभ्यासक तो मानत नाहीत. असा हा साक्षीदार आहे. पुष्कळदा काटेकोर, कधी कधी मोहात पडणारा. मोबाईलवर आलेले चित्र क्षणात दहा जणांकडे धाडणाऱ्या आपल्या पिढीला त्यांच्यावर हसण्याचा अधिकार फारसा नाही.

१३३३ मध्ये त्यांनी हिंदुकुश ओलांडला. बर्फात उंटांचे पाय रुतू नयेत म्हणून त्यांच्यापुढे नमद्याची कापडे अंथरावी लागत. त्याच वर्षी सप्टेंबरात, मुहर्रमच्या पहिल्या तारखेस, ते सिंधू नदीवर आले. नदी ओलांडून बोरूच्या दाट रानातून वाट काढीत असता एक प्रचंड काळे जनावर समोर आले. तो गेंडा होता. एका स्वाराने त्याला अडवले, तेव्हा गेंड्याने शिंगाने घोड्याला आडवे केले आणि तो रानात दिसेनासा झाला. त्याच प्रवासात अस्रच्या नमाजनंतर आणखी एक गेंडा त्यांना गवत चरताना दिसला. शिंगाची लांबी त्यांनी तीन हात सांगितली आहे. भारतीय गेंड्याचे शिंग सहसा वीतभरच असते. भीतीने मोजलेले शिंग लांबच भरायचे! परंतु सिंधूच्या काठच्या रानात गेंडा होता, ही साक्ष पक्की आहे. दोनशे वर्षांनंतर बाबर बादशाहानेही त्याच प्रदेशात गेंड्याची शिकार केली. आज तेथे गेंडा नाही. तो पाहायचा तर आसामातील काझीरंगा किंवा नेपाळची तराई गाठावी लागते. अल्लाहची एक निशाणी एका संपूर्ण प्रदेशातून माणसाने पुसून टाकली आणि ती तेथे होती हे आता आपल्याला जुन्या पोथ्यांतून वाचावे लागते.

दिल्लीत सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्यांना काजीपद दिले. औदार्य आणि क्रौर्य एकाच हाताने वाटणाऱ्या या सुलतानाच्या दरबारी इब्ने बतूता अनेक वर्षे राहिले. कुतुबमिनाराचे वर्णन करताना, बांधकामाच्या वेळी दगड घेऊन हत्ती वर चढताना आपण पाहिला, असे एका विश्वासू माणसाने सांगितल्याचे ते नोंदवतात. ज्यांनी मिनाराचा अरुंद जिना पाहिला आहे त्यांना हसू येईल. पण सांगणारा दुसरा आहे, हे त्यांनी दडवलेले नाही.

जुलै १३४२ मध्ये सुलतानाचे राजदूत म्हणून ते चीनकडे निघाले. कोइलजवळ, म्हणजे आजच्या अलीगढजवळ, लुटारूंनी त्यांना पकडले. ते कसेबसे जीव वाचवून सुटले. मग ग्वाल्हेर, धार, उज्जैन करीत ते आपल्या दौलताबादला आले. सपाट जमिनीतून उभा ताशीव कडा आणि त्याच्या माथ्यावरचा देवगिरीचा किल्ला त्यांनी पाहिला. आपल्यापैकी अनेकांनी सहलीत तो चढला असेल. येथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्यांनी लिहिले. गाणाऱ्या स्त्रियांचा तरबाबाद नावाचा स्वतंत्र बाजार होता आणि त्या बाजारातील मशिदींत रमजानमध्ये तरावीहची नमाज होत असे, त्या स्त्रियाही तीत सामील होत, ही नोंद वाचून आजच्या वाचकाच्या भुवया उंचावतील. पापी म्हणून कोणाला मशिदीच्या दारातून परत पाठवण्याची रीत तेथे नव्हती, इतके आपण त्यातून घेऊ शकतो.

किल्ल्यातील अंधारकोठडीची हकीकत मात्र त्यांनी मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराकडून ऐकली, जो स्वतः त्या कोठडीत होता. तेथील उंदीर मांजरांहून मोठे होते आणि रात्री कैद्यांवर तुटून पडत. स्वप्नात कोणीतरी खत्ताबला सूरह इख्लास एक लक्ष वेळा पठण करण्यास सांगितले. त्याने पठण पूर्ण केले. शेजारच्या कोठडीतला कैदी आजारी पडला, उंदरांनी त्याची बोटे आणि डोळे खाल्ले आणि तो मेला. ही बातमी सुलतानाला कळताच, खत्ताबचेही तसेच होऊ नये म्हणून त्याला सोडण्याचा हुकूम झाला. लक्षात घ्या, सुटका झाली ती दुसऱ्याच्या भयंकर मृत्यूच्या निमित्ताने. इब्ने बतूता यांनी ती बाजूही गाळली नाही.

पुढे नंदुरबार. तेथील मराठ्यांविषयी ते आदराने लिहितात. कारागिरीत निपुण, वैद्यकात आणि ज्योतिषात जाणते, जेवणापूर्वी स्नान करणारे, भात, भाजी आणि तिळाचे तेल खाणारे लोक असे ते वर्णन आहे. परधर्मीयांविषयी लिहिताना या काजीची लेखणी नेहमीच इतकी प्रसन्न नसते, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला.

खंबायतहून जहाज दक्षिणेकडे निघाले. गोव्याचे बेट, ज्याला ते संदापूर म्हणतात, त्यात ३६ गावे असल्याचे त्यांनी सांगितले. त्याखालचे होन्नावर आज कर्नाटकात आहे. तेथे मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा त्यांनी मोजल्या आणि तेथील स्त्रियांना कुरआन मुखोद्गत असल्याचे लिहिले. असे इतरत्र कोठेही पाहिले नाही, अशी कबुलीही दिली. मुलींच्या शिक्षणावर आपल्या वस्त्यांतून आजही वाद झडतात. सातशे वर्षांपूर्वी याच पश्चिम किनाऱ्यावर ही स्थिती होती, हे आपल्या मुलींना जरूर सांगावे.

मलबारची वाट हे त्यांच्या प्रवासातील बहुधा सर्वांत रम्य दृश्य. संदापूरपासून कोल्लमपर्यंत किनाऱ्याने दोन महिन्यांची चाल, आणि सारा रस्ता झाडांच्या सावलीतून. दर अर्ध्या मैलावर लाकडी विसावा, बसायला ओटे, प्यायला विहीर. कालिकतला चीनकडे जाणारी प्रचंड जहाजे उभी होती. सुलतानाने पाठवलेला नजराणा मोठ्या जहाजावर चढला, इब्ने बतूता यांचे सामान आणि माणसे लहान जहाजावर. जुमाची नमाज जमिनीवर अदा करून मग जहाजावर जावे, म्हणून ते मागे राहिले. त्याच वेळी समुद्र उसळला. मोठे जहाज किनाऱ्यावर आपटून फुटले, लहान जहाज त्यांना न घेताच शिडे उभारून निघून गेले. त्यावर त्यांच्या अपत्याची आई होऊ घातलेली एक दासीही होती. ती पुढे मरण पावल्याचे त्यांना कळले. वाळूवर उरले ते स्वतः, एक जानमाज आणि दहा दिनार.

दिल्लीला परतून सुलतानाला तोंड दाखवण्याची सोय राहिली नाही. ते मालदीवला गेले आणि तेथे सुमारे दीड वर्ष राहून काजी झाले. या बेटांचे त्यांनी केलेले वर्णन भूगोलाच्या पुस्तकात शोभेल. शंभर-शंभर बेटे कंकणासारखी गोल मांडलेली, त्या वर्तुळाला वेशीसारखे एकच तोंड, जहाजाने त्यातूनच आत शिरायचे आणि तेही स्थानिक वाटाड्या घेऊन. बेटे एकमेकांना इतकी लगटून की एकावरून निघताच दुसऱ्यावरच्या माडांचे शेंडे दिसतात. प्रवाळद्वीपांची ही रचना आज विमानातून सहज दिसते. त्यांनी ती होडीत बसून ओळखली. नारळाच्या काथ्याने शिवलेली जहाजे आणि नाण्यांच्या जागी चालणाऱ्या कवड्या यांचीही माहिती त्यांनी दिली.

१३४४ मध्ये त्यांचे जहाज श्रीलंकेला लागले. बेट नऊ दिवसांच्या अंतरावर असतानाच सरनदीपचा पर्वत धुराच्या खांबासारखा आकाशात दिसू लागला होता. या २,२४३ मीटर उंचीच्या शिखरावर खडकात एक मोठा पदाकार ठसा आहे. मुसलमान यात्रेकरू तो हजरत आदम (अलै.) यांचा मानत आले, बौद्ध आणि हिंदूही आपापल्या श्रद्धेने तेथे जातात. हजरत आदम (अलै.) पृथ्वीवर कोठे उतरले हे कुरआनने सांगितलेले नाही, तेव्हा त्या ठशाबाबत अकीदा बांधण्याचे कारण नाही. पण चढण पाहण्यासारखी आहे. झाडे सदाहरित, हाताच्या तळव्याएवढी तांबडी फुले, गवतातून अंगावर झेपावणाऱ्या जळवा. त्यांच्यावर पिळण्यासाठी यात्रेकरू लिंबू जवळ बाळगत. काळी, लांब शेपटीची वानरे असंख्य होती. त्यांचा एक पुढारी डोक्याला पानांची पट्टी बांधून बसतो, ही गोष्ट शेख उस्मान आणि त्यांच्या मुलाने सांगितल्याचे त्यांनी नमूद केले. आपण पाहिल्याचे म्हटले नाही. वरच्या कड्यावर दहा साखळ्या लावल्या होत्या. दहाव्या साखळीला शहादतची साखळी म्हणत, कारण तेथे पोहोचून खाली नजर टाकली की माणूस भयाने कलमा पढू लागे. माथ्यावरून त्यांनी ढग आपल्या पायाखाली पाहिले.

वाचकहो, या रम्य दृश्यांची किंमत कोणी चुकवली हेही पाहू या. इब्ने बतूता जेथे गेले तेथे त्यांनी निकाह केले आणि निघताना बहुतेक ठिकाणी तलाक दिले. मालदीवमध्ये एका वेळी चार पत्नी होत्या. तेथे मागे राहिलेला मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर ते पुन्हा त्या बेटांवर आले, त्याला पाहिले आणि आईपासून तोडणे बरे नव्हे म्हणून तिच्याकडेच ठेवून निघून गेले. दमास्कसमधील मुलाला तर त्यांनी कधी पाहिलेच नाही. शरीअतच्या शब्दांत यातील काही बसत असेलही. पण अपत्याचा बापावर हक्क असतो आणि तो दुरून पाठवलेल्या पैशांनी फिटत नाही. आखाती देशांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्या कोकणातील बापांना हे सांगायला नको; ते नाइलाजाने जातात आणि प्रत्येक सुट्टीचे दिवस मोजतात. इब्ने बतूता यांना नाइलाज नव्हता. या बाबतीत त्यांचे अनुकरण करावे असे मी म्हणणार नाही.

बंगालमध्ये सिल्हटच्या डोंगरात त्यांनी हजरत शाह जलाल (रह.) यांची भेट घेतली, मग सुमात्रा आणि चीन. चीनच्या भागात त्यांचे वर्णन पातळ होते. झैतून बंदर, चिनी मातीची भांडी, कागदी चलन हे ठसठशीत उतरले आहे, पण राजधानी पेकिंगपर्यंत ते गेले याविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे. परतीच्या समुद्रात एके पहाटे क्षितिजावर डोंगर दिसला, जेथे डोंगर असायला नको होता. खलाशी रडू लागले, एकमेकांचा निरोप घेऊ लागले. तो रुख नावाचा राक्षसी पक्षी आहे असे ते म्हणत. मग तो डोंगर वर उचलला गेला आणि त्याच्या आणि पाण्याच्या मधून उजेड दिसला. इब्ने बतूता सांगतात की अल्लाहने अनुकूल वारा दिला, जहाज दूर गेले आणि ती वस्तू खरोखर काय होती हे आपल्याला दिसले नाही. कथाकाराने येथे पक्ष्याचे पंख मोजून दाखवले असते. काजीने साक्ष जेथे संपते तेथे ती संपवली.

१३४८ मध्ये ते दमास्कसला परतले. तेथे समजले की वडील पंधरा वर्षांपूर्वीच अल्लाहला प्यारे झाले आणि तो न पाहिलेला मुलगाही बारा वर्षांपूर्वी गेला. तेच महामारीचे वर्ष. प्लेगने शहरे ओस पडत होती. दमास्कसच्या लोकांनी तीन दिवस रोजे ठेवले आणि नंतरच्या शुक्रवारी मुसलमान कुरआन हाती घेऊन, यहुदी तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन, स्त्रिया-मुलांसह अनवाणी शहराबाहेरच्या मशिदीकडे रडत निघाले. इतक्या देशांतील इतक्या इमारती वर्णिल्या, पण वाचताना माझे मन या अनवाणी जमावापाशी सर्वाधिक रेंगाळते. पुढच्या वर्षी मोरोक्कोत शिरताना ताझा गावी त्यांना कळले की आईही प्लेगने गेली. चोवीस वर्षांनी टँजिअरला पोहोचून त्यांनी तिच्या कबरीचे दर्शन घेतले.

तरी पाय थांबले नाहीत. अंदलूस पाहून झाल्यावर १३५२ मध्ये ते सहारा ओलांडून माली देशाकडे निघाले. तगाझा गावात घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांनी बांधलेली होती, वर उंटाच्या कातड्याचे छत. पुढच्या वाटेवर एवढे प्रचंड वृक्ष की एकाच्या सावलीत अख्खा काफिला बसावा. काहींच्या पोकळ बुंध्यात पावसाचे पाणी साठलेले, काहींत मधमाश्या. एका बुंध्यात तर विणकर माग मांडून कापड विणत बसला होता! अभ्यासक या झाडांना गोरखचिंच समजतात; आपल्याकडेही काही जुन्या ठिकाणी अरबी व्यापाऱ्यांनी आणलेली म्हणून सांगितली जाणारी ही जाड बुंध्याची झाडे उभी आहेत.

नायजर नदीकाठी चांदण्या रात्री त्यांना सोळा अवाढव्य जनावरे दिसली. ते हत्ती समजले, तो जनावरे सरळ पाण्यात उतरली. विचारल्यावर कळले की ते पाणघोडे, चरण्यासाठी बाहेर आलेले. घोड्यासारखे डोके, हत्तीसारखे पाय, हे त्यांचे निरीक्षण आहे. सांगितलेली आयाळ मात्र पाणघोड्याला नसते. याच नदीला ते नाईल समजत होते. तिच्याच काठी एकदा ते नैसर्गिक विधीसाठी बसले असता एक स्थानिक मनुष्य येऊन त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये उभा राहिला. केवढा हा असभ्यपणा, म्हणून ते संतापले. नंतर समजले की जवळच मगर होती आणि तो तिच्यापासून त्यांचे रक्षण करीत उभा होता. परमुलखात दिसते ते आणि असते ते यांत केवढे अंतर असते, याचा हा किस्सा त्यांनी स्वतःची फजिती न लपवता सांगितला.

१३५४ मध्ये फेजच्या सुलतान अबू इनान यांनी त्यांना बोलावून घेतले आणि इब्ने जुजय यांना त्यांच्या तोंडून सारे लिहून घेण्यास सांगितले. ९ डिसेंबर १३५५ रोजी ग्रंथ पूर्ण झाला. तो रिहला या नावाने ओळखला जातो. एकूण प्रवास १,१७,००० किलोमीटरच्या आसपास भरतो, असा अंदाज केला जातो. बुखाऱ्यात विद्वानांच्या कबरींवरून उतरवून घेतलेल्या नोंदी भारताच्या किनाऱ्याजवळ चाच्यांनी लुटल्या होत्या, तेव्हा पुष्कळसा भाग केवळ स्मरणातून आला.

फेजमध्ये लोक कुजबुजू लागले की हा मनुष्य खोटे बोलतो. दिल्लीचा सुलतान राजधानीत परतताना यंत्रांतून नाण्यांच्या थैल्या गर्दीवर उधळतो, असल्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवणार? थोर इतिहासकार इब्ने खल्दून तेव्हा तरुण होते आणि त्यांचाही कल अविश्वासाकडेच होता. आपल्या मुकद्दम्यात त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे की वजीर फारिस यांनी त्यांना रोखले. आपण पाहिली नाही एवढ्यावरून गोष्ट खोटी ठरत नाही, हे पटवण्यासाठी वजिरांनी तुरुंगात वाढलेल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. बापाने त्याला मेंढीचे वर्णन कितीही समजावले तरी तो विचारी की मेंढी म्हणजे उंदरासारखीच ना. तुरुंगात त्याने दुसरे जनावर पाहिलेच नव्हते. इब्ने खल्दून यांनी त्यावरून नियम काढला की बातमी ऐकून लगेच मानू नये आणि लगेच झिडकारूही नये. घडण्याजोगे काय आणि न घडण्याजोगे काय, हे बुद्धीने पारखावे. पुढे १८५३ ते १८५८ या काळात पॅरिसमध्ये रिहलाचा अरबी मजकूर फ्रेंच भाषांतरासह छापला गेला आणि मग देशोदेशीच्या विद्वानांनी अगदी तशीच पारख करून त्यातील खरे-खोटे निवडले. बुल्गार गळाले, पेकिंग डळमळले. मालदीव, माली, मलबार, दिल्ली यांच्या इतिहासाचा तो आधारग्रंथ ठरला.

स्वतः इब्ने बतूता त्या कुजबुजीच्या उत्तराला कधी पुढे आले नाहीत. मोरोक्कोतील एका लहान गावी ते काजी झाले, लोकांचे तंटे ऐकू लागले, आणि त्याच पदावर असताना हिजरी ७७० मध्ये, म्हणजे १३६८-६९ च्या सुमारास, त्यांचे निधन झाले. अल्लाह त्यांच्या चुकांना क्षमा करो आणि त्यांच्या श्रमांचा स्वीकार करो. आमीन.